बेचाळीस डोळे

शिरोळकडच्या आमच्या काळ्या रानात
त्या आल्या तेव्हा मी सातवीत होते.
ट्रकातून आधी एक उखळ उतरलं,
मग दोन शेळ्या, मग दाराची उखडलेली चौकट,
आणि चौकट धरून बनाबाई झोरे.

गाव म्हणालं, धरणवाल्या आल्या.
वसाहतीला नाव नव्हतं, नंबर होता.
बाबगोंडा अण्णांच्या विहिरीत
त्यांची घागर सगळ्यात शेवटी बुडायची.
मिळालेली जमीन उन्हाळ्यात पांढरी फुटायची,
शेळीसुद्धा हुंगून मागं फिरायची.
पुरुष इचलकरंजीला मागावर गेले,
बाया दुसऱ्यांचा ऊस भांगलत राहिल्या.

आता मी तिथं शिकवायला जाते,
स्कूटीला कोकोपीटचं पोतं बांधून.
एका ट्रेला बेचाळीस कप,
एका कपात उसाचा एक डोळा.
कांडी कशी तोडायची,
चुन्याच्या निवळीत किती वेळ बुडवायची,
आणि डोळा वर ठेवायचा, मावशी,
नाहीतर कोंब अंधारातच वाट शोधत बसतो.

कोंडाक्का बोडके हसली.
"व्हय गं पोरी, म्हंजे ह्यो तरवाच की!
आमी डोंगरात पाला जाळून वाफा भाजायचो,
नाचणी फेकायचो, वीतभर झाली की
उपटून दुसरीकडं लावायचो.
उपटल्याबिगर ती जोमच धरत न्हाई."

मला ते वाक्य फार आवडलं.
मी वही काढली.
बनाबाईनं माझ्या पेनाकडं बघितलं.
"लिवू नगंस तसलं.
तरवा उपटायच्या आधी
लावायच्या जागंला चिखल करून ठेवत्यात.
आमच्या बारीला
चिखल कुणी केलाच न्हवता."

मी पेन मिटलं.
त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नाही.
त्यांनीच मला दाखवलं,
कोवळं मूळ न दुखवता रोप कसं उचलायचं:
अंगठा खाली, आणि श्वास धरून.

दुसऱ्या खेपेला तीनशे ट्रे कुजले.
पाणी जास्त झालं होतं. चूक माझी होती.
दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही,
तिसऱ्या दिवशी चहा आला,
साखर न घालता.

मग एका सकाळी बाबगोंडा अण्णा आले,
जीपमधून, आठ हजार रोपं हवीत म्हणून.
एक रोप त्यांनी कपातून काढून उलटं धरलं,
पांढऱ्या मुळांची जाळी बघितली,
बराच वेळ.
"कसं देणार?"
बनाबाईनं भाव सांगितला
आणि स्वतःच दचकली;
एवढा मोठा आकडा
तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता.
"निम्मे आत्ता," कोंडाक्का मागून म्हणाली.
अण्णांनी खिशात हात घातला.
विहिरीचा विषय कुणी काढला नाही.

त्या पैशांतनं
नातीचा एसटीचा पास निघाला,
गटाच्या खात्यात थोडं पडलं,
शेळीला औषध,
आणि कोंडाक्काला चष्मा.
चष्मा लावून तिनं आधी
स्वतःचे हात बघितले.
"एवढ्या भेगा? कवापासनं?"

काल मी शेडमध्ये ट्रे मोजत होते.
कोपऱ्यात एक जास्तीचा निघाला.
डोळे नव्हते त्यात,
बेचाळीस कपांत नाचणीची बारीक पाती,
तांबूस देठाची, दाट.
"ह्या मातीत कणीस धरंल?" मी विचारलं.
"न्हाई बहुतेक," बनाबाई म्हणाली,
आणि झारीनं नाही,
ओंजळीनं पाणी घातलं.

नोंदवहीत त्या ट्रेसमोरचा रकाना
मी कोरा ठेवलाय.