निरंक

महापे एमआयडीसी, जुनी रंगाची कंपनी.
वारानुसार बदलायचा तेव्हा इथल्या गटाराचा रंग.
आता तळघरात एक इलेक्ट्रॉन राहतो.
एकच.

मी त्याला पाहिलेलं नाही. कोणीच नाही.
चुंबकाच्या पोटात, तांब्याच्या नळकांड्यात
कशालाही न शिवता तो फिरतो,
आणि स्क्रीनवर एक सरळ रेघ,
ती त्याची हजेरी.

देवस्थळी मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं,
तो शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आहे.
इतकं गार ठेवायचं
की आपणहून उठायची त्याची ऐपतच उरू नये.
मग कधी चढलाच एक पायरी
तर समजायचं, कोणीतरी उठवलं.
कोणी?
ते माहीत असतं
तर तुला रात्रपाळी दिली असती का, दर्पणा?

जे आकाशगंगांना धरून ठेवतं म्हणतात,
ज्याला उजेड नाही, सावलीही नाही,
जे आत्ता, या मिनिटाला,
माझ्या डब्यातल्या सुक्या जवळ्यातून आरपार जातंय
वासही न घेता,
त्याची वाट बघण्याचा मला पगार मिळतो.

हेलियम फुसफुसतं.
शुक्रवारी लाइट जाते, जनरेटर खोकतो,
तेवढ्या वेळाची नोंद मी लाल पेनाने खोडते.

बाबा बावीस वर्षं वॉचमन होते
बंद पडलेल्या एका कंपनीचे,
जी आमच्याच खाजणावर उभी होती.
आत चोरण्यासारखं काही नव्हतं.
तरी तासातासाला फाटकावर दांडका,
ठण्ण,
आणि सकाळी रजिस्टरात एकच शब्द, वळणदार:
निरंक.
मी लहानपणी विचारलं होतं,
काहीच घडत नाही तर लिहिता कशाला?
“जागा होतो म्हणून. झोपलेल्याचा निरंक
कोण धरतो, पोरी?”

म्हणून दर सोमवारी
आम्हीच त्याला हळूच एक टिचकी मारतो, मायक्रोवेव्हची.
रेघ उडते. एक पायरी वर.
काही सेकंद.
मग पुन्हा खाली, जिथल्या तिथे.
जागा आहे.
ठण्ण.

आठ दिवस झाले. एकही उडी नाही.
मला वाईट वाटलं, मॅडम मात्र पेढे घेऊन आल्या.
कागदावर केसाएवढी एक उभी पट्टी रंगवली,
इथे नाही, एवढंच म्हणणारी.
डाव्या-उजव्या बाजूला कोरा कागद,
हजार दारांचं गाव, आणि आमचं
एक दार वाजवून झालेलं.
उद्या चुंबक किंचित सैल करायचा,
पुढचं दार.

सकाळी घणसोलीत पोचते तेव्हा बाबा ओट्यावर,
मोतीबिंदूच्या डोळ्यांनी रस्ता ऐकत.
“आला का गो तुझा तो?”
नाय.
“काय झाला नाय ना? मंग पगार त्याचाच हाय.”
आणि सरकून मला जागा करून देतात.

कधीकधी, साडेतीनच्या सुमारास,
रेघ इतकी सरळ असते
की मीच एक पायरी चढल्यासारखी होते.
मागे वळून बघते.
जिन्याचा दिवा. भिंतीवर अग्निशामक.
काही नाही.

तेही लिहिते.