गो, नोगो

नऱ्ह्यात, टेम्पो स्टँडच्या मागच्या गल्लीत
आमचं युनिट. पाटीवर पूर्वी नाव होतं,
आता गंजानं शेवटचं 'र्क्स' तेवढं ठेवलंय.

माझं काम सांगते.
डाव्या हाताला क्रेट, उजव्या हाताला क्रेट,
मध्ये मी. मुठीत गेज,
बोटाएवढं, पोलादी, दोन तोंडांचं.
एक तोंड गो, दुसरं नोगो.
गो आत गेलं पाहिजे.
नोगो अडलं पाहिजे.
दोन्ही जमलं तर डावीकडची बुश उजवीकडे,
नाहीतर लाल ट्रेमध्ये.
दिवसाला अठराशे वेळा एवढंच.

पहिल्या वर्षी झोपेतही अंगठा वळायचा.
नवरा म्हणायचा, कुणाचं कुलूप उघडतेस गं?

लेकीच्या शाळेतून फॉर्म आला : आईचा व्यवसाय.
काय लिहू, तिनं विचारलं.
क्वालिटी लिही, म्हटलं.
"क्वालिटी हा व्यवसाय नसतो आई, गुण असतो."
मग आम्ही 'नोकरी' लिहिलं
आणि मी त्या एका शब्दावर रात्रभर कूस बदलत राहिले.

कारण खरं तर मी काहीच घडवत नाही.
घडवतो लेथवरचा दस्तगीर,
त्याच्या शर्टाला कूलंटचा वास,
केसांत गनमेटलचा कीस चमकतो.
जरीना आपा खोकी भरते, ड्रायव्हर नेतो.
मी फक्त 'नाही' म्हणते,
तेही दिवसातून वीस-बावीस वेळा.
'नाही' म्हणायचा पगार मिळतो
हे माहेरी अजून कुणाला पटलेलं नाही.
तिथं तो शब्द मला कधी बोलूच दिला नव्हता.

मार्चएंडची गोष्ट.
गाडी गेटवर, इंजिन चालू, ढमाले साहेब माझ्या खुर्चीमागं.
एका क्रेटमध्ये नोगो आत जात होतं.
सहज नाही. जरा कुरकुरत,
पाहुणा नको नको म्हणतो आणि पाटावर बसतो, तसं.
"शैला, केसाच्या दहाव्या भागाएवढं आहे. सोड."
मी गेज पुसलं. बुश पुसली. पुन्हा घातलं.
गेलं.
पुन्हा.
गेलं.
साहेबांचा राग आला नाही मला,
त्यांच्या कपाळावर बँकेचे हप्ते दिसत होते.
दोनशे चाळीस नग लाल ट्रेमध्ये टाकले, मोजून.
ट्रे पुरला नाही. शेवटचे माझ्या डब्याच्या पिशवीत.
गाडी रिकामी जागा घेऊन गेली
आणि साहेब महिनाभर मला चहाला या म्हणाले नाहीत.

त्यानं काय झालं?
काही झालं नाही.
काही झालं नाही, याला आमच्याकडं रजिस्टर नाही.

सुटल्यावर नवले पुलापाशी बसची वाट बघते.
कात्रजच्या नव्या बोगद्यापासून सुटलेला उतार
गाड्यांना ढकलत ढकलत इथवर आणतो.
इथं काय काय घडलंय ते शेंगदाणेवाला
न विचारता सांगतो, तारखांसकट.
परवा एक ट्रेलर आला, फरशीनं लादलेला,
सर्व्हिस रोडच्या तोंडाशी, आणि थांबला.
नुसता थांबला.
हवेचा एक लांब सुस्कारा सोडला त्यानं.
पुढं स्कूटीवर एक बाई, मागं पोरगं,
त्याच्या मांडीवर चित्रकलेची वही.
दोघांनी मागं वळूनही पाहिलं नाही.
कशाला पाहतील?

त्यातली बुश माझी होती असं म्हणत नाही मी.
बुश करणारे देशभर हजार.
पण कुठल्या तरी शेडमध्ये, कुठल्या तरी ट्यूबलाइटखाली
कुणाच्या तरी अंगठ्यानं
दोनदा विचारून घेतलं असणार.

घरी आल्या आल्या लेकीला म्हटलं,
तो फॉर्म आहे का गं अजून?
"तो? कधीच जमा झाला. का?"
काही नाही, म्हटलं. मेथी आण इकडं.

जुडी सोडली. डावीकडून उजवीकडे एकेक काडी.
पिवळं पान आलं की
अंगठा थांबतो.