सूत मिळतंय का?

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, दुपारी तीन वाजता,
पत्र्याखाली त्रेचाळीस अंश असताना
मी यादीला विचारतेय:
आहे का?

यादी लांब आहे.
डावीकडे नावं, वर यंत्रांच्या जाती,
जिथं बांधलेलं तयार आहे तिथं हिरवी खूण,
नाही तिथं नुसती आडवी रेघ.

चौसष्ट बिटांना: आहे.
खिशातल्या फोनच्या जातीला: आहे.
ज्या यंत्राचं नावही मी कधी ऐकलं नाही
त्यालासुद्धा कुणी हौसेनं बांधून ठेवलंय.
आमच्या बत्तीसला: रेघ.
मागच्या आवृत्तीत बघितलं. रेघ.
त्याच्या मागच्या आवृत्तीत होतं,
पण ते दुकानच आता उठलंय.

आमचं बत्तीस म्हणजे हा पिवळा पडलेला डबा.
पोटात टॉवेलांची साडेसातशे डिझाइनं
आणि पंख्यात वीस वर्षांचा कापूस.
सोमवारी त्याची डिस्क गेली.
डिझाइनं वाचली, सिस्टिम नवी घातली,
पण चित्राची भोकं करून देणारा
तो एक बारकासा प्रोग्राम राहिला.
तो नाही, तर कार्ड नाही.
कार्ड नाही, तर जकार्डला मोर माहीत नाही.
चार माग नुसते पांढरं विणत बसलेत.

मल्लय्यामामा कार्डं मोजत होते,
ओकटी, रेंडु, मूडु, आणि मध्येच थांबून:
"काय म्हणतंय गं ते?"
"तयार मिळत नाही म्हणतंय."
"बरं. सूत मिळतंय का?"

मी त्यांच्याकडे बघितलं.
"सूत मिळतंय, मामा. फुकट मिळतंय."
"मग रडायलीस कशाला?"

हे त्यांना कसं सांगू,
की सूत घेतलं की फणी मागतं,
फणी घेतली की म्हणतं ही नाही, जुन्या मापाची,
जुन्या मापाची शोधली की तिला तिचं वेगळं तेल लागतं,
आणि तेलाच्या नावापुढं
पुन्हा रेघ.

सांगितलंच नाही. बसले.
रात्री नऊला पडद्यावर ओळी धावायला लागल्या,
कुणीतरी कांडी भरावी तशा, सरसर.
अकराला एकोणचाळीस टक्के.
कडक भाकरी, शेंगाचटणी, माठातलं पाणी.
साडेबाराला एकसष्ट टक्के
आणि लाईट गेली.

मामांनी अंधारातच तंबाखू मळली.
तुटलेलं टोक सापडलं की सांधता येतं, म्हणाले,
बोटांना कळतं कुठं तुटलं ते.
माझ्या बोटांना कळत नव्हतं.
तरी लाईट आल्यावर बघितलं तर
जेवढं विणून झालं होतं तेवढं शाबूत होतं,
फक्त एक फाईल अर्धी,
ती पुसली, पुढं चालू.

पहाटे सव्वापाचला पंचिंग मशीन खडखडलं.
मामांनी पहिलं कार्ड ट्यूबलाईटपुढं धरलं,
भोकांतून उजेड त्यांच्या बनियनवर पडला.
"पिसारा आहे," म्हणाले. "मान पुढच्या कार्डात असेल."

घरी जायचं सोडून मी मग आणखी अर्धा तास
ते सगळं एका गठ्ठ्यात बांधलं
आणि यादीवाल्यांकडं पाठवलं.
फॉर्ममध्ये एक रकाना होता: बांधणाऱ्याचं नाव.
चादरीच्या कोपऱ्यात शिवतात तसं
लिहिलं, भाग्यलक्ष्मी चिट्याल, सोलापूर.
मामा म्हणाले, माझं नको, मी नुसता जागा होतो.

आठ दिवसांनी रेघेच्या जागी हिरवी खूण आली.
शेजारी एक आकडा असतो,
किती जणांनी उतरवून घेतलं त्याचा.
चहाच्या सुट्टीत मी तो बघते.
मामाही विचारतात, "आलं का कुणी?"

शून्य आहे अजून.
काल एक झालं होतं.
ते मीच होते, चालतंय का बघत.