पेवात कंदील

हरिपूरच्या पेवात माणूस उतरण्याआधी
दोरीला बांधून कंदील सोडतात.
विझला, तर भाव कितीही चढलेला असो,
हळद थांबते.
मी आठवीत असताना अण्णांनी हे दाखवलं,
आणि त्याच संध्याकाळी
आवळेकाकांशी बर्लिनच्या भिंतीवरून भांडले.

अण्णा म्हणजे नेमगोंडा चौगुले,
तोलाईदार, हमाल युनियनचे चिटणीस,
कांदासुद्धा न खाणारे कॉम्रेड.
काका मालगाव रस्त्यावरच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर.
त्यांना कम्युनिझम शिकवला मिस हार्लननं,
म्हणजे त्याची भीती शिकवली.
चीनमधून हाकललेली नर्स. एक ट्रंक, एक बायबल,
पियानो तिकडेच राहिलेला.
दवाखान्यातली लाल ब्लँकेटं
तिनं निळीत बुडवायला लावली.
ती झाली जांभळी.
लाल काही जाईना म्हणून बाई पायरीवर बसून रडली,
हे सांगताना काकांचा आवाज खाली यायचा,
आणि अण्णा हसायचे थांबायचे.

बाकी दिवस मात्र दणक्यात.
तुमच्या रशियात पावाला रांग!
तुमच्या अमेरिकेचा मिलो रेशनवर आला,
तो काय आमच्या पोटाची दया येऊन?
एकदा चहाच्या गाड्यावर पैज लागली,
ज्याचा देश आधी कोसळेल
त्यानं दुसऱ्याला पायलीभर भडंग द्यायचं.
ज्याचा देश!
पुण्याच्या पलीकडे दोघांपैकी कुणीच गेलं नव्हतं.

सव्वीस डिसेंबर, सकाळच्या बातम्या.
झेंडा उतरवला म्हणाले.
अण्णांनी रेडिओ बंद केला,
धोतर नेसले, यार्डात गेले,
काटा दोनदा तपासला.
कुणी काही विचारलं नाही. हमाल सुद्धा
पोतं जरा हळू टाकत होते.

दुपारी काका आले सायकलवरून,
हँडलला पिशवी. भडंग.
आई म्हणाली, अहो, द्यायचं तर आम्ही.
काका म्हणाले,
सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, वहिनी.

मग भडंग खाता खाताच जुंपली.
काका म्हणाले, क्षेपणास्त्रांचा खर्च झेपला नाही,
वॉशिंग्टननं दम काढला.
सुकुमारदादा नुकताच कॉम्प्युटर शिकून आलेला,
तो म्हणाला, मालच खराब होता.
दादू हमालानं विचारलं,
मुकादम चोर निघाले
म्हणून हमाली वाईट होती का?
याला कुणी उत्तर दिलं नाही.
अण्णा शेंगदाणे वेचून बाजूला ठेवत होते.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
आम्ही कंदील सोडलाच नाही आत.
विझेल म्हणून.

तीन वर्षांनी मिशनचे चेक यायचे बंद झाले.
शत्रू संपला की मनीऑर्डरही संपते,
हे अण्णा बोलू शकले असते. बोलले नाहीत.
काकांचा सात महिन्यांचा पगार थकलेला;
अर्ज कसा लिहितात विचारायला आले,
चप्पल दाराबाहेर फार वेळ काढत राहिले.
अण्णांनी सांगितलं, मी लिहून घेतला.
खाली सह्या एकोणीस, पहिली काकांची.
धरण्याला मंडप हवा होता.
युनियनच्या गोदामात एकच कापड होतं,
त्याचा रंग सांगायला नको.
काका त्याखाली अकरा दिवस बसले,
डोक्यावर रुमाल टाकून.

अण्णा दोन हजार एकला गेले.
पाच साली कृष्णा गावात शिरली
आणि पेवं बसली, एकामागून एक,
रात्रभर जमीन ढेकर देत राहिली.
पाणी ओसरल्यावर घाटावर माणसं वाद घालत होती,
पुरानं पाडली,
का माती आतनंच मऊ झाली होती?
कुणी धरणवाल्यांना शिव्या देत होतं.
कुणी म्हणत होतं, नीट लिंपली नव्हती,
आमच्या आज्यानं लिंपलेली बघा.
चिखलात सगळीकडे पिवळं.

काका माझ्याकडे आले, काठी टेकत,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
अण्णांच्या फोटोसमोर उभे राहिले.
बोल की आता, म्हणाले.
फोटोतले अण्णा काट्याकडे बघत होते.

मी भडंग केलं. ताटली पुढे ठेवली.
काकांनी हात आखडता घेतला,
हे कुणी हरल्याचं, पोरी?

म्हटलं, ते ठरेपर्यंत
मऊ पडेल. खा.