धडा

मंगळवार, दुपारी दोन ते पाच, खोली क्रमांक अकरा.
सर्जनशील लेखन, एम.ए. भाग दोन.
पटावर नऊ, हजर पाच,
आणि एक पंखा, जो पाचवर फिरतो किंवा फिरतच नाही.
बाहेर जळगाव शेहेचाळीस अंशांवर.
भारंबे सर म्हणतात, उन्हावर लिहा,
फक्त ऊन हा शब्द वापरू नका.
योगिराज म्हणतो, सर, आधी खिडकी लावू का?

सगळे हसतात. मी पेंगतेय.
सावद्याहून एसटीत उभी आले,
आणि रात्रभर वजनकाट्यावर बाबांच्या जागी बसले होते.
केळीचे ट्रक, दिल्लीकडे तोंड करून:
भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ.
तीनच ओळी. पहाटेपर्यंत तीच कविता,
गाडी नंबर बदलून बदलून.

नाझनीन पिंजारी अमळनेरची.
तिच्या कथेत एक बाई गादी उसवते, कापूस पिंजते, पुन्हा भरते,
आणि काही घडत नाही.
सहा पानं काही घडत नाही.
आम्ही म्हणालो, शेवट कर ना.
म्हणाली, केलाय की. टाका घातलाय.

रायसिंग पावरा धडगावचा.
त्याच्या गोष्टीतला आजा डोंगर उतरताना एक शब्द बोलतो.
याला मराठीत काय म्हणायचं?
दप्तरात तळाशी गेलेली किल्ली चाचपावी
तसा तो बराच वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, उतरताना गुडघ्यात जे येतं, ते.
दुखणं नाही पण.
थकवा? नाही. घराची ओढ? थोडी.
सरांनी फळ्यावर लिहायला खडू उचलला
आणि तास संपेपर्यंत नुसता हातात धरला.
बोटं पांढरी झाली. फळा काळाच.

माझ्या कवितेवर हिरवी शाई.
तीस ओळींतल्या बावीस आडव्या,
समासात दोन शब्द: धडा काढा.
मला वाटलं, उपदेश काढा.
होताच शेवटी एक, लेकींनी शिकावं वगैरे.
काढला.
पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच: धडा काढा.

रात्री काट्याच्या खोलीत वही उघडी.
बाबा चहा घेऊन आले.
काय लिहू राह्यली व एवढं?
मी समासावर बोट ठेवलं.
त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
बरोबर तं लिव्हेल आहे तुह्या सरनं.
तेल मोजाच्या आधी डब्याचा धडा करता का नही?
रिकाम्याचं वजन काढ पहिले. मंग माल बोल.

बाहेर दोन ट्रकांच्या मधे रिकामा वेळ होता.
मी वही घेऊन काट्यावर गेले,
चाळीस टनांच्या लोखंडी पाटावर,
आणि ती मधोमध ठेवून खाली उतरले.
लाल आकडा: शून्य.
मग मी एकटी चढले: पन्नास.
मग मी वहीसकट: पन्नास.
खिडकीतून बाबा ओरडले,
दहा किलोच्या आतलं त्याले दिसत नही, पोरी,
तू काही मनावर घेऊ नको.
आणि सवयीनं पावती फाडली.
भरलेलं पन्नास. रिकामं पन्नास.
निव्वळ, शून्य.
माल या रकान्यात त्यांनी पेनानं लिहिलं: कविता.
वेलांटी चुकली होती. मी दुरुस्त केली नाही.

मंगळवारी ती पावती पहिल्या पानाला डिंकानं चिकटवून दिली.
मागे आठ ओळी.
सरांनी हिरव्या पेनाचं टोपण काढलं,
पावती वाचली, उन्हाकडे धरून पाठीमागूनही पाहिली.
नाझनीन थांबली, रायसिंग थांबला,
पंखा तर थांबलेलाच होता.
काही खोडलं नाही.
म्हणाले, इथे गाडी नंबर राहिलाय.
तो भर. मग पुढचं बघू.