दोन सूत

आमच्या चक्कीला एक सूर होता
हे मला बावीस वर्षं माहीत नव्हतं.
पट्टा फिरायचा, जातं घुमायचं,
पीठ गरम-गरम पिशवीत पडायचं
आणि रांगेतल्या बाया
डब्ब्यांवर कोपर टेकून काहीबाही गुणगुणायच्या.
मीसुद्धा गुणगुणायचो.
वाटायचं, माझा स्वभावच तसा.

मग कार्तिकात व्होल्टेज चढलं, मोटर जळली.
साकोलीहून वायंडिंग करून आणली.
पुलीला तडा होता म्हणून पुलीही नवी घेतली,
दोन सूत मोठी.
दुकानदार म्हणाला, घ्या, दळण लवकर निघेल.
निघालंही.
तासाला तीन किलो जास्त.

त्या आठवड्यात
पारबता शहारेनं नंबरावरून
जिजाचा पिपा लाथेनं सरकवला,
पंधरा वर्षांच्या मैत्रिणी.
मागच्या घरातली मडावींची पोर,
जी चक्की सुरू झाली की झोपायची
आणि लाइन गेली की दचकून उठायची,
ती दुपारभर टक्क जागी.
तिची आई तिला कडेवर घेऊन दारात उभी,
माझ्याकडे असं बघत, जणू मीच चिमटा काढला.
मी कवडूला चार रुपयांसाठी नाही नाही ते बोललो.
घरी बायको म्हणाली,
"भाजीत मीठ बराबर आहे जी,
तुमचंच काही बिघडलं."

वाटलं, धानाचा भाव. वाटलं, थंडी.
दवाखान्यात जाऊन बीपीही मोजून आलो.

इस्तारीजी कापगते कणकी दळायला आले ते पौषात,
शंकरपटाच्या दिवसांत.
म्हणजे ज्या दिवसांत
त्यांना गावात असायची सवय नाही.
एकतीस सीझन ऑर्गन वाजवला त्यांनी,
गावोगावच्या मंडपांत, कोंबडा आरवेपर्यंत,
दुसऱ्यांच्या रडण्याला सूर दिला.
यंदा कंपनीनं कीबोर्डवाला पोरगा घेतला.

ते पोत्यावर बसले. डोळे मिटले.
डब्ब्याच्या झाकणावर एक बोट ठेवलं,
मग उचलून शेजारी ठेवलं.
"तुही चक्की कारी चारात होती बावा.
आता पांढरी साहात गेली."

मी हसलो. मग हसू थांबलं.

"बाया इथं गावाले येत नाई," ते म्हणाले,
"पन गात होत्या ना?
त्यायचा गरा त्याच सुरावर बसला होता.
तू खुर्ची सरकवली.
बसाले गेल्या, अन्..."
पुढचं बोलले नाहीत.
कणकी संपली होती, पट्टा रिकामाच वाजत होता.

त्या रात्री भंगारातून जुनी पुली काढली,
वेल्डिंगला न्यायची म्हणून पिशवीत ठेवली.
तासाला तीन किलो. दिवसाचे किती,
महिन्याचे किती,
बोटांवर मोजता मोजता झोप लागली.

पुली बदलली नाही मी.
पिशवी अजून खुंटीला आहे.

होळीपर्यंत पारबता गुणगुणू लागली,
अर्धा सूर वर, मान जराशी ताणून.
जिजा तिच्यामागे उभी राहते, बोलते,
पण पिपा हातातच धरून.
मडावींची पोर पांढरी सहावर झोपते आता,
आधी काही वेगळं होतं
हे तिला कोणी सांगणार नाही.

इस्तारीजी तेवढे दळण घेऊन
चुलबंदेच्या पल्याडच्या चक्कीवर जातात,
चार किलोमीटर, कॅरिअरला डब्बा बांधून.
तिथला सूर कोणता, मी विचारलं नाही.

आणि कधी लाइन जाते.
पट्टा दम सोडत सोडत मंद होतो,
घुमणं खाली घसरत येतं,
आणि पार थांबायच्या आधी, क्षणभर,
काळी चारवरून जातं.
मी हातातलं काम सोडून उभा असतो.
रांगेतलं कोणीतरी तेवढ्यात
उगाचच हसतं.