रेषेवरचा माणूस

तीस वर्षं मोशीच्या मैदानावर
मी रेषेवर धावलो, हातात पिवळं निशाण.
मधलं सगळं मुख्य पंचाचं,
काठ माझा.
कोण आधी पळालं, ते बघावं लागत नसे.
दिसायचंच, डोळ्याच्या कोपऱ्यात,
पातेल्याच्या कडेला चिकटलेल्या उगालीसारखं.

आता डॉक्टरीणबाई म्हणते, काठच गेलाय.
डाव्या डोळ्याचा बराच, उजव्याचा थोडा.
"तिथे काळं दिसतं का?"
नाही. तिथे काही नसतं,
आणि ते नसणंही दिसत नाही.
मेंदू आपला हिरवळ पसरून देतो.

म्हणजे शेवटच्या दोन हंगामांत
न पाहिलेल्या माणसासाठी मी निशाण उचललं असेन.
किबोशोच्या एका पोरानं तेव्हा मला शिवी घातली होती.
नाव आठवतं त्याचं. एलिनाझी.

काचबिंदू. आत पाण्याचा काच.
दोरी दिसत नाही, फक्त वळ उरतो.

बाईनं टेबलावर करंगळीएवढी बाटली ठेवली.
रोज रात्री एक थेंब, आयुष्यभर.
नाहीतर ते पलीकडचं यंत्र, लेझर:
हनुवटी टेकवायची, डोळ्यावर भिंग,
हिरव्या ठिणग्या, दहा मिनिटं, मग घरी.
"गेलेलं परत येईल?"
"कशानंच नाही. उरलेलं राखायचं."
"यंत्रानं कायमचं राखलं जाईल?"
"काही वर्षं. एखाद्याला लागूच पडत नाही.
मग पुन्हा करू, किंवा थेंब. तपासणी चुकवायची नाही."

माझी हाइकाएली दुकानाचे हिशेब लिहिते.
तिनं तिथेच आकडा मांडला,
महिन्याला एक बाटली, वर्षाच्या बारा,
आणि दुकानात माल नसेल ते महिने वेगळे.
मी काही बोललो नाही.
घरी पाण्यानं सराव केला होता:
सात थेंब, दोन डोळ्यांत, बाकीचे मिशीत.
डोळ्यांत तेल घालून रेषा राखली, असं लोक म्हणायचे.
आता खरंच घालायचं तर हाताला नेम नाही.

आणि थोरला भाऊ, न्देलिलिओ.
त्याची बाटली खणात अर्धी भरलेली.
दुखेल तेव्हा घालू, म्हणून जपून ठेवलेली.
कधी दुखलंच नाही.
आता तो मला खोकल्यावरून ओळखतो.

तरी थेंबाचं एक होतं,
रोज रात्री मला कळलं असतं की मी काहीतरी केलं.
उजेडाला आपण फक्त समोर बसायचं.
बसलो.
हिरवं, हिरवं, टिचक्या मारल्यासारखं,
आणि नर्स न्सिया डोकं धरून म्हणत होती, हलू नका, बाबा.

फाटकाबाहेर डावीकडून बोडाबोडा आली.
पोरीनं दंड खेचला, तेव्हा कळलं.
गाडी निघून गेल्यावर
माझा हात वर गेला, आपोआप, सरळ,
निशाणाशिवाय.
"खाली घ्या," हाइकाएली म्हणाली,
"लोक बघताहेत."